शब्द आणि शरीर

रॉनी यू यांचा ‘द ब्राइड विथ व्हाइट हेअर’ (१९९३) हा हाँगकाँगचा चित्रपट ल्यांग यूशंग यांच्या १९५० च्या दशकातील कादंबरीवर आधारलेला आहे. मूळ चिनी शीर्षकात नायिका ‘राक्षसी’ आहे, तर इंग्रजी शीर्षकात ती ‘वधू’ होते. वस्तुतः चित्रपटात तिचा विवाह होतच नाही. ही विसंगती केवळ बाजारपेठेची चतुराई म्हणून सोडून देता येत नाही. कारण तिला कोणी आणि कोणत्या नावाने संबोधावयाचे, हाच या कथनाच्या गाभ्याचा प्रश्न आहे.

लांडग्यांत वाढलेली, एका दुष्ट पंथाची हस्तक झालेली ही योद्धी (ब्रिजिट लिन) अनाम आहे. वूदांग पंथाचा वारस चो यीहांग (लेस्ली चेउंग) तिला नाव देतो, आणि तिच्यावर कधीही अविश्वास न दाखविण्याचे वचनही. या शोकात्म शेवटाचे खापर दोन पंथांच्या वैरावर, पर्यायाने नियतीवर फोडणे सोयीचे आहे. त्यात नायक निर्दोष सुटतो. परंतु पंथत्यागाचा प्रसंग या वाचनाच्या आड येतो. आपला पंथ सोडण्यासाठी ती अनवाणी, सहकाऱ्यांचे आघात झेलीत चालत जाते. तिने शरीराने दिलेल्या किमतीच्या बदल्यात त्याने दिलेले असतात ते शब्द. वूदांगच्या ज्येष्ठांचे हत्याकांड दिसताच तो त्या शब्दांपेक्षा समोरच्या पुराव्याला प्रमाण मानतो आणि तिचे केस पांढरे होतात. त्याने ठेवलेल्या नावावर तिच्या शरीराने दिलेले हे उत्तर होय.

खलपुरुषाची योजना मात्र संमिश्र आहे. पाठीला पाठ जोडलेली भाऊ-बहीण ही जुळी, विभक्त होऊ न शकणाऱ्या द्वेषाची प्रतिमा म्हणून, प्रेमिकांच्या समोर अर्थपूर्ण ठरते. तथापि हत्याकांड त्यांच्या माथी मारल्यामुळे वूदांगची प्रतिष्ठित क्रूरता झाकली जाते आणि नायकाचा अविश्वास निव्वळ गैरसमजाच्या पातळीवर उतरतो. येथे पटकथा आपल्याच आशयाला घाबरलेली दिसते.

चौकटीतील यीहांग हिमशिखरावर एक दुर्मिळ औषधी फूल राखीत बसला आहे. सम्राटासाठी ते मागणाऱ्यांनाही तो नाकारतो. त्याला ते एकाच व्यक्तीसाठी हवे आहे. त्या व्यक्तीला ते हवे आहे काय, हे चौकटीत कोणी विचारीत नाही.