शंभरपैकी किती?

दोन गोष्टींवर मत द्यायला माणसाला शिक्षण लागत नाही. एक, दुसऱ्याच्या मुलीला सांगून आलेलं स्थळ, आणि दोन, गाणं. मी तर बी. कॉम. आहे. त्यामुळे मी नुसतं मत देत नाही, गुण देतो.

कॉलेजात असल्यापासून माझ्याकडे एक लांबोडकी वही आहे. कॅसेटचं नाव, गायक, संगीतकार, किंमत आणि शेवटच्या रकान्यात शंभरपैकी गुण. पुढे कॅसेट गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या आणि गाणी मोबाइलमध्ये राहायला आली; वही मात्र चालू आहे. लग्नानंतर सौ.ने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, "अहो, तुम्हाला स्वतःला 'सा' तरी लावता येतो का?"

मी म्हटलं, "म्हशीसाठी कर्ज मंजूर करताना मला दूध द्यावं लागतं का?"

उत्तर बिनतोड होतं. गडबड एवढीच, की म्हैस बघायला निदान गोठ्यापर्यंत जावं लागतं. मी बहुतेक वेळा घरबसल्या मंजूर-नामंजूर करत आलो.

वहीतली पहिलीच नोंद पाहा. आमच्या अण्णांकडे तबकड्या होत्या, त्यांत उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी होती. अण्णा ती डोळे मिटून ऐकत. मी अठराव्या वर्षी डोळे उघडे ठेवून ऐकली आणि लिहिलं : 'आवाज बारीक. गाणं लवकर संपतं. ४१.' किराणा घराण्याचा हा थोर गवई मिरजेत राहिला, १९३७ मध्ये वारल्यावर मिरजेतच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावला, आणि अजूनही उरुसात गवई तिथे गाऊन त्यांना हजेरी देतात. गदगच्या एका पोराने त्यांची तबकडी ऐकली, आपल्यालाही असंच गाता आलं पाहिजे म्हणून १९३३ मध्ये घर सोडलं आणि पुढे तो भीमसेन जोशी झाला. तीच गायकी ऐकून मला घर सोडावंसं वाटलं नाही, फक्त खोली सोडावीशी वाटली.

आता कळतं ते असं, की दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन-सव्वातीन मिनिटांची. आमच्या सातारा जिल्ह्यात औंधला १९४० पासून संगीत महोत्सव चालतो. तिथे गवयासमोर सबंध बैठक असते. एक सूर लावून तो पुढच्या सुराकडे सावकाश पायी निघाला तरी चालतं. तबकडीवर गवयाला गाडी पकडायची असते. 'गाणं लवकर संपतं' म्हणून गुण कापणं म्हणजे तार वाचून 'पत्र फार त्रोटक आहे' म्हणण्यासारखं. तीन मिनिटांत या माणसाने काय ठेवलं आणि काय सोडलं, हे विचारायला हवं होतं. त्यांनी सूर ठेवला होता आणि घाई सोडली होती. घड्याळ अंगावर धावून येत असताना घाई सोडणं किती अवघड आहे, हे मला मार्चअखेरीच्या कॅश काउंटरवर बसल्यावर समजलं.

पण खाँसाहेबांना माझ्या ४१ गुणांचा उपद्रव नव्हता. तो झाला आमच्या काकांना.

काका म्हणजे आमच्या सांगली शाखेचे हेड कॅशियर. सगळी शाखा त्यांना काका म्हणे. २००४ मध्ये ते निवृत्त झाले आणि फंडातले थोडे पैसे घालून त्यांनी स्वतःच्या आवाजात आठ अभंगांची कॅसेट काढली. बँकेच्या गृहपत्रिकेत तिचं परीक्षण लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा पंचविशीतला, विनोदी लिहितो अशी नुकतीच कुठे बोलवा झालेली. या वयात माणसाच्या हाती परीक्षण देऊ नये. बंदूक दिलेली परवडते, तिला परवाना तरी लागतो.

रात्री जेवणानंतर मी कॅसेट लावली. लांबवलेला सूर थरथरत होता. मी पहिली बाजू ऐकली आणि लिहिलं, 'काकांचा षड्ज हा चालू खात्यातल्या शिलकीसारखा आहे. सकाळी असतो तेवढा संध्याकाळी राहत नाही.' शाखा खो-खो हसली. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी ते वाक्य पाठ केलं. वहीत ३८.

पुढे काका पेन्शनच्या कामासाठी आले तेव्हा काउंटरवर म्हणाले, "वाचलं रे. छान लिहिलंयस." एवढंच. पण त्या वर्षी स्नेहसंमेलनात ते गायले नाहीत. घसा बसलाय म्हणाले. पुढच्या वर्षीही घसा बसलेलाच होता.

२००६ मध्ये माझी साताऱ्याला बदली झाली. तिथे टेपरेकॉर्डर बंद पडला म्हणून मेकॅनिककडे नेला. त्याने झाकण उघडलं, आतला बेल्ट करंगळीवर घेऊन ताणून दाखवला आणि म्हणाला, "साहेब, हा दोन-तीन वर्षं तरी सैल असणार. सूर हलत नव्हता का?"

मी म्हटलं, "फिल्मी गाण्यांत तर कधी जाणवलं नाही."

"त्यात कसं जाणवेल? तिथे ढोलक चालू असतो. लांब सूर लावणारं काही ऐकलं की कळतं."

लांब सूर लावणारं मी आयुष्यात एकच परीक्षणासाठी ऐकलं होतं.

घरी आलो, नवा बेल्ट, तीच कॅसेट. सूर कसा, देवळातल्या समईसारखा स्थिर. थरथरत होतं ते माझं यंत्र, आणि मी ते काकांच्या खात्यावर नावे टाकलं होतं. बँकेत अशी चुकीची नोंद झाली तर त्याच संध्याकाळी उलटी नोंद करतात. इथे दोन वर्षं झाली होती.

पुढच्या रविवारी अर्धा किलो कंदी पेढे घेऊन मी सांगलीला काकांच्या घरी हजर झालो. काकू म्हणाल्या, "ते मिरजेला निघालेत, तंबोऱ्याची जवारी काढायला. तूही जा, पेढे आल्यावर खा." म्हणजे गाणं अगदीच सुटलं नव्हतं.

मिरजेचे तंबोरे देशभर जातात. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे एका कारागिराकडे आम्ही बसलो. तो घोडी किंचित घासायचा, तार छेडायचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, ऐकायचा, पुन्हा घासायचा. मी विचारलं, "मुळात बिघडते कशाने ही?"

"बिघडत नाही, झिजते," तो म्हणाला. "त्याच तारा त्याच जागी रोज घासतात. घोडीला चरे पडतात. मग आवाज उघडा लागत नाही. अधूनमधून काढून घ्यावी लागते."

तेवढ्यात मला कबुली द्यायचा धीर आला. बेल्टची हकीकत सांगितली. काका तारेकडेच बघत होते. मग हसून म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं मी उगाचच मुका बसलो म्हण की!" ते हसले, पण मला हसता आलं नाही.

"आणि काय रे," ते म्हणाले, "दुसऱ्या बाजूचा दुसरा अभंग ऐकलास का? तिथे मी खरोखरच घसरलोय. वरच्या पंचमावर. पुन्हा घ्यायला स्टुडिओचे पैसे नव्हते. मला वाटलं, तू तेवढंच नेमकं पकडशील. तू काही लिहिलंच नाहीस."

कसं लिहिणार? मी दुसरी बाजू लावलीच नव्हती.

गाण्याला गुण देऊच नयेत असं मला अजूनही वाटत नाही. १९३१ मध्ये स्थापन झालेलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत परीक्षा घेतं, आणि त्याच्या कारभाराशी मिरजेचं नाव कायमचं जोडलेलं आहे. पण तिथे अभ्यासक्रम आधी ठरलेला असतो, परीक्षक समोर बसतो, आणि प्रारंभिकच्या पोराला अलंकारचा प्रश्न टाकत नाही. आपण मात्र भावगीताच्या कॅसेटला ख्यालाचा पेपर देतो आणि नापास झाली म्हणून आनंदाने घरी येतो.

म्हणून आता माझे काही नियम आहेत. सगळं ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. एक बाजू पाहून ताळेबंद होत नसतो. तीन दिवशी तीनदा ऐकायचं, त्यांत एकदा तरी पोट भरलेलं नसताना. गायक ओळखीचा असेल तर वाचकाला तसं आधी सांगायचं. दोष काढला तर तो कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी, हे दाखवायचं, म्हणजे दुसऱ्याला तपासता येतं. आमच्याकडे एकट्याच्या सहीने मोठी रक्कम सुटत नाही. आणि स्वतःच्या एखाद्या वाक्यावर आपणच फार खूश झालो, तर ते वाक्य गाण्याविषयी आहे की आपल्याविषयी, हे पाहायचं.

गृहपत्रिकेच्या पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली. वरचा पंचमही लिहिला. काकांनीच तशी अट घातली होती. शाखेत कोणी हसलं नाही, आणि माझी खात्री आहे, कोणी वाचलीही नाही. पण त्या वर्षीच्या संमेलनात काकांचा घसा एकदम मोकळा झाला.

वहीत त्यांच्या नावापुढचे ३८ खोडून मी ७२ केले आणि बाजूला सही केली. खाँसाहेबांचे ४१ मात्र तसेच ठेवलेत. ते त्यांचे नव्हेतच, माझे आहेत. तेव्हापासून शेवटचा रकाना मी पेन्सिलीने भरतो. बँकेत हे चालत नाही.