मर्सिया पुष्कळ झाले, आता सवानेह हवी

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाशी माणसे जमतात. १९४३ साली याच दिवशी तेथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या निमित्ताने शहापूर-मुरबाडकडे होणारी भाषणे ऐकताना आणि लहानमोठे लेख वाचताना आम्हाला एक उणीव सतत जाणवते. त्यांत शहादत आहे, माणूस नाही.

उर्दूत मर्सिया वेगळा, सवानेह म्हणजे चरित्र वेगळे. हालींनी १९०१ साली सर सय्यद अहमद खानांचे चरित्र 'हयात-ए-जावेद' प्रसिद्ध केले, तेव्हा चित्राची एकच बाजू दाखविल्याचा आक्षेप शिबलींनी घेतला. येथे तर एका बाजूचाही शेवटचा दिवसच तेवढा दिसतो.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. वकील झाले. माथेरान नगरपालिकेच्या कारभारात पडले. आदिवासी व शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नयेत म्हणून त्यांनी धान्यकोठी काढली, खेड्यांत शाळा सुरू केल्या. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत होऊन 'आझाद दस्ता' उभारला. मुंबईच्या कारखान्यांना वीज नेणारे मनोरे पाडणे हे त्या दस्त्याचे मुख्य काम. अखेर फितुरीने घात केला.

आमच्या मते खरा प्रश्न येथेच आहे. कायदा शिकलेला माणूस कायदा मोडायला का निघाला? गांधीजींच्या अहिंसेशी मनोरे पाडण्याचा मेळ त्याने मनात कसा घातला? कोठीतले धान्य घेणारी माणसेच पुढे जंगलात भाकरी पोचवीत होती काय? चरित्रकाराने हे विचारले तर भाईंचा मान कमी होत नाही. उलट त्यांचे धाडस अपघात न ठरता विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरते. २०२० साली त्यांच्यावर चित्रपटही आला. पण पडद्याला गोळीबार सोपा, धान्याचा हिशेब अवघड.

आम्ही शिक्षक आहोत म्हणून हा आग्रह. वर्गात हा प्रसंग सांगून संपला, तेव्हा आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, शहीद व्हायच्या आधी ते काय करायचे?" आम्ही धान्यकोठीबद्दल सांगू लागलो, तर दोन वाक्यांत आमचे ज्ञान आटले. शूर होण्यासाठी मरावेच लागते, असा समज घेऊन ती मुले घरी गेली असतील, तर दोष त्यांचा नाही. आमचा आहे आणि लिहिणाऱ्यांचाही आहे.