मोकळीक आणि खिळखिळ : लूकस २५डी४ वाचताना

एमजीबीचं बॉनेट उघडलं की नजर आधी जोडीनं बसवलेल्या एसयू कार्ब्युरेटरांवर जाते. ते साहजिक आहे. ते देखणेच आहेत. पण क्षणभर इंजिनाच्या दुसऱ्या कुशीकडे वळा. तिथे काळी टोपी घातलेला, पाच जाड वायरी डोक्यात खोचलेला एक छोटा डबा तिरका उभा असतो. हा बर्मिंगहॅमच्या लूकस कंपनीचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२पासून निघालेल्या एमजीबींना तो सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत लागत होता. नावातला ४ हा सिलिंडरांचा आकडा. १७९८ सीसीचं हे इंजिन बी-सीरीजमधलं, म्हणजे आपल्या अ‍ॅम्बॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्याच घराण्यातलं.

इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर हा डबा त्याच्या निम्म्या गतीनं फिरतो आणि सेकंदाला २०० ठिणग्या वाटतो. दोन ठिणग्यांमध्ये पाच मिलिसेकंदांचं अंतर. इतक्या घाईत गाडी ‘मिसिंग’ करू लागली की अनुभवी माणूस म्हणतो, आत काहीतरी लूज झालंय. अंदाज बहुधा खरा असतो. अडचण अशी की हा डिस्ट्रिब्युटर मुळातच जागोजाग सैल आहे. काही सैलपणा लूकसच्या लोकांनी विचारपूर्वक ठेवलेला, काही पन्नास-साठ वर्षांच्या झिजेनं आलेला. पहिल्याला मी मोकळीक म्हणतो, दुसऱ्याला खिळखिळ. बोटांना हा फरक कळू लागला की या यंत्राची खरी गोडी लागते.

दोन क्लिपा उघडून टोपी काढा. समोर रोटर दिसेल. तो चिमटीत धरून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं हलकेच फिरवा. थोडा वळतो, आणि सोडला की टचकन मागे येतो. नवखा इथेच घाबरतो. पण ही मोकळीक आहे. रोटरसोबत खालचा कॅमही वळला, स्प्रिंगा ताणल्या आणि त्यांनी त्याला परत आणलं. वळलेला रोटर तिथेच रेंगाळला, तर मात्र खालची वजनं गंजून अडकली आहेत किंवा स्प्रिंग तुटली आहे. आणि कॅम जागचा न हलता नुसता रोटरच डुगडुगला, तर त्याच्या पोटातली पकड गेली. बोटांची हालचाल तीच, उत्तरं तीन. आणि त्यासाठी एकही पाना हातात घ्यावा लागत नाही.

आता पॉइंटची प्लेट काढून तळाशी या. मला सर्वांत प्रिय जागा हीच. दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात, कॅम पुढे सरकतो, ठिणगी लवकर पडते. स्प्रिंगा नीट पाहा. एक बारीक तारेची, खुंट्यांमध्ये ताणून बसलेली. दुसरी जाड, पण तिचा फासा लांबट, आणि ती खुंटीवर चक्क लोंबते. कितीतरी हौशी दुरुस्त्यांमध्ये हा फासा पक्कडीनं आवळलेला असतो. सैल दिसला म्हणून कुणीतरी ‘नीट’ केलेला. त्या एका दाबानं सगळी रचना बिघडते. सुरुवातीला एकट्या बारीक स्प्रिंगेनं वजनं आवरायची, म्हणून कमी वेगात ठिणगी झपाट्यानं पुढे सरकते. फाशातली ढील संपली की जाड स्प्रिंग मैदानात येते आणि पुढची चाल संथ होते. एकाच यंत्रात दोन लयी आहेत, आणि एकीतून दुसरीत जाण्याचा क्षण ठरतो तो तारेच्या त्या रिकाम्या अंतरावर. वजनांजवळच्या पत्रीवर एक आकडाही ठोकलेला असतो. तो १० असेल तर कॅम जास्तीत जास्त दहा अंश पुढे जाणार, म्हणजे क्रँकच्या हिशेबात वीस. कारखान्यानं स्वरलिपी लिहून ठेवावी तसं हे आहे. ज्यानं तो लांबट फासा योजला, त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

पॉइंटची प्लेट दुपदरी असते. खालची स्थिर, वरची व्हॅक्युमच्या ओढीनं थोडी फिरणारी. तिचं फिरणं ही मोकळीक; तिचं वरखाली डुलणं ही खिळखिळ, कारण त्यानं पॉइंटमधली फट दर क्षणी बदलते. या दोन पदरांना जोडणारी कापडी वेष्टणाची एक मऊ, आखूड अर्थिंगची वायर आहे. तिच्यावरून कुणाचीही नजर घसरते. प्लेट फिरली की ही वायर वाकते, परत सरळ होते, वर्षानुवर्षं. शेवटी आतल्या तारा तुटतात आणि वरचं कापड शाबूत राहतं. मग गाडी उभ्यानं सुरेख चालते, सरळ रस्त्यावरही चालते, पण एक्सलरेटर जोरात दाबला की अडखळते. पाय दाबताच व्हॅक्युम गळतो, प्लेट मागे फिरते, आणि नेमक्या त्या वळणावर तुटकी वायर साथ सोडते. कार्ब्युरेटर खोलून बसलेल्या कितीजणांना या बोटभर वायरीनं चकवलं असेल! नुसत्या स्वरावरून तंबोऱ्याची कुठली तार उतरली ते ओळखावं, तसं त्या अडखळण्यावरून ही वायर ओळखता येते.

पॉइंटच्या खुंटीवरचा नटही एकदा पाहून घ्या. कंडेन्सरची आणि कॉइलची अशा दोन्ही वायरींच्या टोकांना स्प्रिंगेचा स्पर्श हवा, खुंटीचा नको. मधली प्लास्टिकची टोपडी त्यासाठीच असते.

रोटरखाली कॅमच्या माथ्यावर एक स्क्रू आहे. त्याच्या भोवती बारीक फट दिसते. तो घट्ट करायला हात शिवशिवतात, पण थांबा. ती फट तेलाची वाट आहे. दोन थेंब तिथे सोडले की ते कॅमच्या पोटात उतरतात, स्क्रू काढावाच लागत नाही. आता कॅम आडवा ढकला. इथे मात्र हालचाल अजिबात नको. बुश झिजला की शाफ्ट डोलतो. पॉइंटची फट असते जेमतेम ०.०१४ ते ०.०१६ इंच, शाफ्टच दोन-तीन हजारांशांनी लवला तर चारही सिलिंडरांना वेगवेगळा न्याय मिळतो. ड्वेल मीटरचा काटा ६० अंशांच्या आसपास स्थिर न राहता वेगासोबत भटकू लागला, तर दोष पॉइंटवर टाकू नये. एका बोटाच्या आडव्या दाबात ही झीज कळते, मीटरच्याही आधी.

टोपीच्या मध्यावरचा कार्बनचा खडा स्प्रिंगेवर सहज आतबाहेर व्हायला हवा. काही जुन्या टोप्यांमध्ये वायरी आडव्या शिरतात आणि आतल्या टोकदार स्क्रूनं पकडलेल्या असतात. ते स्क्रू एकदा पिळून पाहावेत.

उरला तळ. डिस्ट्रिब्युटर उपसून काढला तर खाली दातेरी चाक नसतं. असते एक जीभ, मध्यापासून किंचित बाजूला सरकवलेली. त्यामुळे तो परत एकाच रीतीनं बसतो. अर्ध्या फेऱ्याची चूक शक्यच नाही. ही जीभ पकडणारी आडवी पिन सैल झाली की टायमिंगचा दिवा खुणेवर ठरत नाही, नाचत राहतो.

आणि व्हॅक्युमच्या दांडीवरचा तो खाचाखाचांचा छोटा नट. त्याच्यावर एक स्प्रिंग दाबून बसलेली असते, म्हणून धावत्या इंजिनाच्या कंपनानं तो आपणहून सरकत नाही. ती स्प्रिंग हरवलेली असेल तर लावलेलं टायमिंग संध्याकाळपर्यंत कुठे गेलं ते कळणार नाही. ती जागेवर असेल, तर नट फिरवताना बोटाखाली बारीक टिकटिक जाणवते. अशा अकरा टिकटिकींचा एक अंश होतो. बॉनेटखाली अंधारात, दिवा बाजूला ठेवूनही तो मोजता येतो.