मृत्युलेख आणि जामीन

गोपाळ गणेश आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’ हे लहानसे पुस्तक सुशिक्षित मराठी घरांत बहुधा आढळते. ते विद्यार्थिदशेत एकदा वाचावयाचे आणि मग आदरपूर्वक फळीवर ठेवून द्यावयाचे, असा परिपाठ आहे. सन २०२५ च्या पावसाळ्यात आम्ही ते पुन्हा खाली काढले. त्यास निमित्त आमच्याच मीरा-भाईंदरात घडले. आमच्या शहरातही उत्तनच्या बाजूस डोंगरी नावाचे एक गाव आहे. आगरकरांची डोंगरी अर्थात ती नव्हे, मुंबईची. परंतु त्या डोंगरीतील प्रश्न या डोंगरीपर्यंत येऊन ठेपला आहे, असे आम्हांस वाटू लागले.

पुस्तकामागील हकिगत थोडक्यात अशी. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी कडक मजकूर छापला. त्यास आधारभूत मानलेली पत्रे बनावट ठरली, अब्रूनुकसानीचा खटला झाला, आणि १८८२ च्या जुलैत टिळक व आगरकर या दोघां सव्वीस वर्षांच्या तरुणांस चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबर रोजी, ते सुटले. तुरुंगातील दिनक्रम, गैरसोयी आणि दोघां मित्रांच्या चर्चा यांचे वर्णन आगरकरांनी विनोदाने केले आहे. हालांचे भांडवल करावयाचे नाही आणि स्वतःकडे पाहून हसावयाचे, हा या पुस्तकाचा मोठा गुण होय.

तथापि त्याची एक मर्यादा वाचकाने विसरू नये. हे पुस्तक मैत्रीच्या ऐन बहरात लिहिलेले आहे. मित्राशी वाद घालणे सोपे असते. खरी कसोटी लागते ती तोच मित्र प्रतिपक्षी झाल्यावर. ती पुढे लागली. १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ साली ‘सुधारक’ निघाला, १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या प्रश्नावर दोन्ही पत्रे एकमेकांवर तुटून पडत, आणि प्रसंगी लेखणी मतावरून माणसावर घसरे. सनातन्यांनी तर आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी, आगरकर वारले. दुसऱ्याच दिवशी ‘केसरी’त टिळकांनी जुन्या सहकाऱ्यावर मृत्युलेख लिहिला.

या मृत्युलेखाचा दाखला देऊन ‘मतभेद होते, परंतु मनभेद नव्हते’ असे म्हणण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. आमच्या मते ही सोयीस्कर समजूत होय. टिळकांच्या हळहळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मृताविषयी आदर दाखविणे हे प्रतिपक्षीयांविषयीच्या आदराचे सर्वांत स्वस्त रूप आहे. मृत मनुष्य उत्तर देत नाही, मते मागत नाही, सभा जिंकीत नाही. जो अद्याप जिवंत आहे आणि उद्या पुन्हा आपल्याविरुद्ध बोलणार आहे, त्याचे आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर याच खटल्याच्या कडेला सापडते. टिळक-आगरकरांस त्या वेळी दहा हजार रुपयांचा जामीन हवा होता. तो महात्मा फुल्यांच्या सांगण्यावरून त्यांचे सत्यशोधक स्नेही रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी दिला. कोल्हापूरच्या गादीविषयीचा जिव्हाळा त्यामागे असेलही. परंतु ब्राह्मणी पुढारीपणावर ज्यांनी आयुष्यभर टीका केली, त्यांनी आपल्या माणसाकरवी त्या पुढाऱ्यांची हमी घ्यावी, ही गोष्ट लहान नव्हे. यावरून फुले मऊ होते, असे मात्र कोणी समजू नये. १८८५ साली रानड्यांनी मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण दिले, तेव्हा त्यांनी ते साफ नाकारले आणि नकाराची कारणे लेखी कळविली. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार नाही, तिच्यात केवळ एकोप्याच्या नावाने बसणे त्यांस मान्य नव्हते. जामीन देणे व निमंत्रण नाकारणे, या दोन कृतींत विसंगती नाही. आदर म्हणजे होकार नव्हे. समोरच्याचे स्वातंत्र्य राखणे आणि त्यास कारण देऊन नाही म्हणणे, म्हणजे आदर.

आता आमच्या गावाकडे वळू. शासनाने १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी आवश्यक करण्याचा निर्णय काढला, १७ जूनला तो बदलला, आणि लोकमत खवळल्यावर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. त्याच सुमारास मीरा रोडवर मराठीच्या मुद्द्यावरून एका दुकानदारास एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मारहाण केली. चित्रफीत घरोघर पोहोचली. ३ जुलैस व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून मोर्चा काढला. ८ जुलैस मराठीजनांचा मोर्चा ठरला. पोलिसांनी नियोजित मार्गास परवानगी नाकारली व अनेकांस ताब्यात घेतले, तरी लोक रस्त्यावर आलेच.

मराठीचा आग्रह न्याय्य आहे, असे आमचे मत तेव्हाही होते व आजही आहे. परंतु त्या आठवड्यात आमच्या हातून एक चूक झाली. आमच्या मजल्यावर एक गुजराती व्यापारी राहतात. अठरा वर्षांचा शेजार. ते ३ तारखेच्या मोर्चास गेले हे कळताच आम्ही त्यांच्याशी बोलणे टाकले. मारहाण निंद्य आहे, हे आम्ही मनात म्हणत होतो. त्यांच्या दारात जाऊन म्हटले नाही. ८ तारखेस सकाळी तेच आमच्याकडे आले व मराठीत म्हणाले, “सर, आम्हांला मोर्चा काढू दिला, तर तुम्हांला का नाही? हे बरोबर झालं नाही.” आमच्या मागणीशी ते सहमत नव्हते, व तसे त्यांनी त्याच बैठकीत स्पष्ट सांगितले. चहा निवेपर्यंत वाद झाला. मत कोणाचेही बदलले नाही.

परंतु जामीन त्यांनी दिला होता. आम्ही दिला नव्हता. ते गेल्यावर आम्ही आगरकरांचे पुस्तक काढले, ते या लाजेपोटी. आमच्या शहरात उद्या पुन्हा मोर्चे निघतील, आणि निघावेत. वाचकांस आमची विनंती इतकीच की, आपल्या प्रतिपक्षीयाविषयी जे चार चांगले शब्द आपण त्याच्या मृत्युलेखासाठी राखून ठेविले आहेत, ते तो दारात उभा असतानाच त्यास ऐकवावेत. आणि मग खुशाल भांडावे.