अलंकार, खूण आणि ओवणारा हात

दलित साहित्याच्या समीक्षेत ‘अलंकार’ हा शब्द बहुधा आरोपासारखा येतो. भाषा अलंकृत आहे असे म्हटले की ती खोटी आहे, प्रस्थापितांची आहे, वेदनेवर मुलामा चढवणारी आहे, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत चुकीचे नाही. भामहापासून चालत आलेल्या ज्या शास्त्राने काव्याचा विचार केला त्याने शब्दांच्या सजावटीलाही तेच नाव दिले, जे गळ्यातल्या-हातातल्या दागिन्याला होते. हे शास्त्र ज्यांच्यासाठी लिहिले गेले त्यांच्या घरी दोन्ही प्रकारचे अलंकार होते. आमच्या घरी एकही नव्हता. म्हणून आम्ही दोन्ही नाकारले. पण हा नकार देताना आपण एक गोष्ट तपासलीच नाही असे मला अलीकडे वाटू लागले आहे. अलंकार घालणारा कोण हे आपण विचारले. तो घडवणारा कोण हे विचारले नाही.

हा प्रश्न मला ग्रंथालयात पडला नाही. नाशिकला हस्तकलेचे एक प्रदर्शन भरले होते. महाविद्यालयातल्या एक सहकारी मला तिथे घेऊन गेल्या. एका मेजावर काळ्या-लाल मण्यांच्या, कथलासारख्या मळकट धातूच्या पदकांच्या माळा मांडल्या होत्या. वर पाटी होती : ‘आदिम सौंदर्य’. किंमत पाहून मी हात मागे घेतला. सहकारी बाई कौतुकाने म्हणाल्या, “मॅडम, तुमच्याकडे तर असे जुने पारंपरिक दागिने घरीच असतील, नाही?” त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. मला उत्तर सुचले नाही. माळेला बांधलेल्या चिठ्ठीवर संस्थेचे नाव होते, ‘संकल्पना’ म्हणून कुणा एकीचे नाव होते. ज्या हाताने मणी ओवले त्या हाताचे नाव नव्हते.

आमच्याकडे ‘असे दागिने’ का नाहीत, याला इतिहास आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात जेवावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असे सांगितले आहे आणि त्याच ओघात त्याचे दागिने लोखंडाचे असावेत असेही सांगितले आहे. हे नीट वाचले पाहिजे. त्याने दागिने घालू नयेत असे स्मृतिकार म्हणत नाही. घालावेत, पण लोखंडाचे घालावेत. म्हणजे इथे दागिना ही शोभा नाही, ओळखपट्टी आहे. दुरून येणाऱ्याला अंगावरच्या धातूवरून जात कळावी ही ती व्यवस्था आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ही स्मृती जाळण्यात आली. त्याच परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांपुढे बाबासाहेबांनी जे भाषण केले त्यात लुगडे नेसण्याच्या पद्धतीबरोबर गळाभर गळसऱ्यांचा आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या, चांदीच्या गोट-पाटल्यांचा विषय काढला. ही तुम्हाला ओळखण्याची खूण आहे, ती टाका, दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाही तर घालू नका, असा त्या सांगण्याचा आशय होता. ग्रंथ जाळणे आणि गळसरी काढणे ही दोन कामे नव्हती. एकाच कलमाची ती अंमलबजावणी होती. एक कागदावर, दुसरी देहावर.

हे महाराष्ट्रापुरतेही नव्हते. महाडच्या बारा वर्षे आधी, १९१५ साली, त्रावणकोरमध्ये अय्यंकालींच्या चळवळीने पुलया स्त्रियांना गळ्यातल्या दगडी मण्यांच्या माळा टाकून द्यायला सांगितले. ‘कल्लुमाला’ म्हणजे दगडांची माळ. ती घालणे त्यांच्यावर बंधनकारक होते, सोने-चांदी निषिद्ध होते. पेरिनाड भागात या नकारावरून दंगली झाल्या, झोपड्या जळाल्या. पुढे कोल्लमच्या सभेत स्त्रियांनी आपापल्या माळा कापून काढल्या आणि तिथेच त्यांचा ढीग झाला. मराठी वाचकाला कल्लुमालेचा लढा फारसा ठाऊक नाही. मण्यांच्या ढिगाचे ते दृश्य आपल्या कवितेत यायला हवे होते.

आमच्या घरातली हकिगत लहान आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेला या भागातून माणसे पायी, बैलगाडीने गेली, त्यात माझी पणजी होती. परत आल्यावर तिने गळसरी आणि हातातले गोट काढले. गोट मोडीत गेले. मणी विहिरीत टाकले असे आजी सांगत असे. माझी आई मात्र म्हणते, विहिरीत-बिहिरीत काही नाही, ते कितीतरी वर्षे हळदीच्या डब्यात होते, पोरं खेळायला घ्यायची. मला आईचे खरे वाटते. खूण टाकायची होती. मणी टाकवत नव्हते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) लुगड्याचे काठ निऱ्यांत दडवून नेसावे लागत, कारण काठ मिरवणे हा वरच्या जातीच्या बाईचा हक्क होता, हे वाचताना मला तो हळदीचा डबा आठवतो. दडवलेला काठ काय किंवा डब्यातले मणी काय, आमच्या बायांना सुंदर वस्तूची ओढ नव्हती असे कुणी म्हणू नये.

तेव्हा आजची गुंतागुंत अशी आहे. जी वस्तू आम्ही अपमानाची खूण म्हणून उतरवली तीच आज ज्यांना खूण कधी चिकटली नाही अशा गळ्यांत हौसेने चढते आहे. त्यांना ती काढता येते, हा फरक आहे. सायंकाळच्या कार्यक्रमापुरती कथलाची सरी घालून घरी जाऊन सोन्याची साखळी घालणाऱ्या बाईला ‘आदिम सौंदर्य’ परवडते. पण यावरून ती माळच वाईट, ती घडवणेच मागासलेपण, असा निष्कर्ष आपल्यातले काही कार्यकर्ते काढतात. तो मला मान्य नाही.

कारण माळ घडवणे म्हणजे काय ते मी जवळून पाहिले आहे. माझी एक विद्यार्थिनी लासलगावात आजीजवळ राहते. आजी पूर्वी गावोगाव सुया, दाभण, पोत, काळे मणी विकत हिंडायची. ही मुलगी सुट्टीत मण्यांचे दागिने करते. मी तिच्या ओट्यावर दोन दुपारी बसले. काचेचे मणी लडीने येतात. उत्तर प्रदेशातले पुरदिलनगर हे त्यांचे मोठे ठिकाण. आधी ते परातीत ओतून निवडायचे. एकाच लडीत बारीक-जाड, चपटे-गोल असतात. भोक तिरके असले तर माळेत तो मणी मान वाकडी करून बसतो. भोकाची कड धारेची असली तर दोरा महिन्याभरात कातरला जातो. म्हणून भारी मण्यांच्या मध्ये गाठ मारतात : दोरा तुटला तरी एकच मणी निसटावा, मणी मण्यावर घासू नये. फाशाजवळ ओढ सर्वांत जास्त, तिथे दोरा दुहेरी घ्यायचा. मधला मणी मोठा आणि दोन्ही बाजूंनी मागे उतरत जाणारे, हा चढउतार साधायचा तर मणी ओवण्याआधी जमिनीवर मांडून पाहावे लागतात. ती आजी मांडत नाही. तिची नजर मांडते. पाटवेकरी पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून गोंडा गुंफतो तसा तिचा दोराही अंगठ्यात असतो.

तिथे बसल्या-बसल्या मला माझी आई आठवली. आईने कांद्याच्या खळ्यावर आयुष्य काढले. लासलगावची बाजार समिती १९४७ ची. तिच्या नावाने देशभर कांद्याचे भाव बोलले जातात, पण त्या भावाला माल पात्र ठरवणारी नजर खळ्यावर बसलेल्या बाईची असते. ढिगातून हात फिरवता-फिरवता ती गोल्टी बाजूला काढते, दुभाळका बाजूला, सडका बाजूला. मापट्टी लागत नाही. मणी निवडणारी आजी आणि कांदा निवडणारी आई यांचे कसब एकच आहे. आईच्या कसबाला आपण मजुरी म्हणतो, प्रदर्शनातल्या बाईच्या कसबाला ‘संकल्पना’ म्हणतो.

आता सौंदर्यशास्त्राकडे येते. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. बी.ए.च्या वर्गाला ती शिकवताना मी चित्रांची, कवितांची उदाहरणे देते आणि मुले पेंगतात. मण्यांची माळ हे त्याचे इतके स्वच्छ उदाहरण आहे की मला आश्चर्य वाटले. माळेला सांगायला काही गोष्ट नसते. काळ्याशेजारी काळा हा संवाद. तीन काळ्यांनंतर एक लाल हा विरोध. मधल्या पदकाच्या दोन्ही बाजूंना सारखे वजन हा समतोल. अक्षरओळख नसलेली बाई हे रोज करते. म्हणजे मर्ढेकर चुकले नाहीत. पण ते जिथे थांबतात तिथून आमचा प्रश्न सुरू होतो. तीच लय, तेच तीन काळे आणि एक लाल, एका गळ्यात सौंदर्य आणि दुसऱ्या गळ्यात खूण कशी होते? मण्यांमधल्या संबंधांचे नियम सांगून हे उलगडत नाही. माणसांमधल्या संबंधांकडे जावे लागते. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये आनंदवादी सौंदर्यकल्पना नाकारली, ती याच अनुभवावर. माझे म्हणणे एवढेच की त्या नकाराच्या भरात लयही त्यांच्या वाट्याला देऊन टाकू नये. लय आमच्या आयांच्या हातांत होती.

आणि जे ‘हाताने घडवलेले’ म्हणून भुलतात त्यांनी त्या हातांची आणि छातीचीही चौकशी करावी. माळेतला तांबूस अकीक बहुधा गुजरातेतल्या खंबायतचा असतो. दगड रतनपूरच्या बाजूने येतो. तो भाजून लाल करतात, फोडतात, मग चाकावर घासतात. घासताना उडणारी गारेची धूळ कारागिराच्या, त्याच्या घरातल्या बायामुलांच्या फुप्फुसात बसते. सिलिकोसिस हा तिथला जुना, अनेकदा तपासला गेलेला रोग आहे. त्यावर बरे करणारे औषध नाही. मण्याचा गुळगुळीतपणा आणि तो खोकला एकाच चाकावरून येतात. ‘मंद तेज’ वगैरे लिहिणाऱ्या रसिकांच्या लेखांत मला खंबायतचा खोकला आढळला नाही.

मणी हा आमचा नव्हेच, असे म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. आमच्या निफाड तालुक्यातून जाणारी गोदावरी पुढे प्रवरेला भेटते. त्या प्रवरेकाठी नेवासे येथे १९५० च्या दशकात सांकलियांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. तीनेक हजार वर्षांपूर्वी पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, आणि तांब्याच्या गंजामुळे तिच्यातला दोराही थोडासा शिल्लक राहिला होता. त्या वेळी चातुर्वर्ण्याची स्मृती लिहिली गेलेली नव्हती. कुणीतरी आपल्या मेलेल्या लेकरासाठी मणी ओवले होते. ओवण्याची क्रिया खुणेपेक्षा जुनी आहे, एवढे त्या दोऱ्यावरून म्हणता येते.

आपल्या साहित्याने हातांकडे पाहिलेच नाही असे नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) कैकाड्याची टोपली विणली जाताना दिसते. ऊर्मिला पवारांनी तर आपल्या आत्मकथेला ‘आयदान’ (२००३) हेच नाव दिले आणि आईच्या विणण्याचे आणि आपल्या लिहिण्याचे नाते उघड सांगितले. पण टोपली ही गरजेची वस्तू. तिच्याबद्दल लिहिताना संकोच होत नाही. मण्याबद्दल लिहायचे तर आपल्याला धाक वाटतो : चळवळीने उतरवलेले पुन्हा चढवतो की काय? हा धाक मलाही आहे. माझ्या गळ्यात आजही काही नसते. मंगळसूत्र घातले नाही तो एक निर्णय होता, त्यावर घरात भांडणे झाली, ते इथे सांगत नाही.

त्या विद्यार्थिनीने मला विचारले होते, मॅडम, हे काम पुढे करू की नको? तिच्या वस्तीतले एक दादा तिला म्हणाले होते की शिकलेल्या मुलीने पोत ओवत बसणे म्हणजे मागे जाणे. मी तिला सांगितले : कर. पण तीन गोष्टी बघ. माळ कुणाच्या नावाने विकली जाते ते बघ. मजुरी नगावर मिळते की विक्रीच्या हिश्श्यावर, ते लेखी घे. आणि गिऱ्हाईक ‘आदिम’, ‘आदिवासी’, ‘वन्य’ असले शब्द चिठ्ठीवर छापायला सांगेल तर चिठ्ठी तू लिही. तिने शेवटच्यावर विचारले, “मग काय लिहू?” मी म्हटले, मणी कुठला, दोरा कुठला, ओवला कुणी. ती म्हणाली, एवढे सगळे त्या चिठ्ठीवर मावत नाही.

पुढच्या खेपेस तिने चिठ्ठी मोठी कापली होती. आजीचे नाव तिने वर घातले होते आणि ते आजीला वाचून दाखवले, तेव्हा आजीने पहिला प्रश्न विचारला तो पोलिसांचा : नाव कशाला लिहिलंस, कुणी चौकशीला आलं म्हणजे? गावोगाव हिंडलेल्या बाईला आपले नाव कागदावर दिसले की ते कशासाठी असते, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. त्या चिठ्ठीवर नाव ठेवायचे की नाही याचा वाद आजी-नातीत अजून चालू आहे. आजीच्या भाषेत तो लिहून दे, असे मी मुलीला सांगितले आहे. तिने दोन पाने लिहून आणलीही, त्यात मण्यांच्या जातींची बावीस नावे आहेत, त्यांतली निम्मी मी कधी ऐकली नव्हती.