‘संरक्षक जनुक’ या संज्ञेची मर्यादा

शिंबावंत पिकांतील सूक्ष्मजंतुरोधी पेप्टाइडांच्या जनुकांविषयी गेल्या काही दशकांत विपुल संशोधन झाले आहे. या संशोधनावर आधारलेल्या विवेचनात मात्र पुराव्याच्या तीन पायऱ्यांची पुष्कळदा गल्लत होते. संसर्ग होताच जनुक कार्यान्वित होणे ही पहिली, त्याच्या पेप्टाइडाने परीक्षानळीत बुरशीची वाढ रोखणे ही दुसरी, आणि त्यायोगे झाड रोगापासून वाचणे ही तिसरी. पहिल्या दोहोंवरून तिसरी गृहीत धरणे सयुक्तिक नव्हे.

वाटाण्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. फ्युझेरियम सोलानी या बुरशीच्या संपर्काने कार्यान्वित होणाऱ्या, सिस्टीनबहुल प्रथिनांच्या जनुकसमूहाचे वर्णन चियांग व हॅडविगर यांनी १९९१ मध्ये केले. वाटाण्याच्या बियांतील ‘पीएसडी-१’ हे डिफेन्सिन केवळ ४६ अमिनो आम्लांचे असून चार डायसल्फाइड बंधांनी बांधलेले आहे. बुरशीच्या पेशीचक्राशी निगडित असलेल्या सायक्लिन-एफ या प्रथिनाशी त्याचा संयोग होतो, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. कार्यपद्धतीचा हा शोध मोलाचा खराच. तथापि या पेप्टाइडावाचून वाटाण्याचे झाड रोगास अधिक बळी पडते काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

लसूणघासाचे डिफेन्सिन बटाट्यात घातले असता व्हर्टिसिलियम बुरशीस शेतातही प्रतिकार होतो, हे २००० मध्ये सिद्ध झाले. येथे तिसरी पायरी गाठली गेली, परंतु ती परक्या झाडात. लसूणघासातील त्या जनुकाचे स्वाभाविक कार्य त्यावरून ठरत नाही.

संज्ञेतील खरी अडचण मेडिकागो ट्रंकॅट्युला या लसूणघासाच्या भाईबंदाने उघड केली. डिफेन्सिनांशी साम्य असलेल्या सुमारे ७०० पेप्टाइडांची जनुके तिच्या मूलगाठींत कार्य करतात. त्यांचा प्रभाव पडतो तो शत्रूवर नव्हे, तर आश्रित रायझोबियमवर: हे जीवाणू आकाराने वाढतात, पण त्यांची विभाजनक्षमता लोपते. त्यांपैकी ‘एनसीआर-१६९’ हे एकच जनुक नाहीसे झाले तरी नायट्रोजनाचे स्थिरीकरण थांबते, असे २०१५ मध्ये दिसून आले. जनुक काढून टाकून पाहिल्यावरच त्याच्या कार्याचा निर्णय झाला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

हरभरा याच कुळशाखेतील आहे, आणि मूलगाठींतील अशी पेप्टाइडे त्यातही आहेत. मर रोगाविरुद्ध वाण घडविताना निव्वळ अनुक्रमसाम्यावरून जनुक निवडल्यास सहजीवनाचे साधनच संरक्षणाचे शस्त्र म्हणून हाती येण्याचा संभव राहतो. म्हणून ‘संरक्षक’ हे विशेषण निष्कर्ष न मानता गृहीतक मानावे, आणि ते त्याच पिकात, जनुक निष्प्रभ करून, रोगट मातीत व मूलगाठींत अशा दोन्ही ठिकाणी पडताळावे, हेच शास्त्रीय शिस्तीला धरून होईल.