बांधलं की बांधवून घेतलं?

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या मराठी आईबापांना काही प्रेक्षणीय स्थळं चुकवता येत नाहीत. त्यांत धबधब्याच्या खालोखाल मोठ्या माणसांच्या घरांचा नंबर लागतो. व्हर्जिनियात शार्लट्सव्हिलजवळच्या टेकडीवरचं थॉमस जेफर्सनसाहेबांचं मॉन्टिचेलो हे त्यातलंच. तुमचीआमची नाणी घर बांधण्यात जातात. या गृहस्थांचं घरच पाच सेंटच्या नाण्यावर गेलं आहे!

घर देखणं आहे, यात वाद नाही. साहेबांनी हे घर बांधलं, मग पाडलं, पुन्हा वाढवलं, असं चाळीसएक वर्षं चाललं होतं म्हणे. साहेबांनी बाग केली, भाज्या पिकवल्या, वाइन पाजली. आमचे मराठीचे मास्तर तिथे असते, तर त्यांनी गाईडला बाकावर उभं केलं असतं. करणे वेगळं, करवणे वेगळं. दुसऱ्याकडून करवून घेतलं, की क्रियापद प्रयोजक! जेफर्सनसाहेबांनी आयुष्यात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. तेव्हा मॉन्टिचेलो हे पायापासून घुमटापर्यंत प्रयोजक क्रियापद आहे.

आणि ते लपवण्याची कारागिरी काय वर्णावी! जेवणघरात शेकोटीच्या दोन्ही अंगांना छोटे पाळणे आहेत. खालच्या तळघरातून वाइनची बाटली अलगद वर येते. दाराला फळ्या ठोकलेल्या. दार फिरवलं की ताटं आत. वाढपी दिसायलाच नको. पाहुणे आजही ‘वा, काय डोकं!’ म्हणतात. डोकं खरंच, पण बाटली पाळण्यात ठेवणारे हात कुणाचे? पॅरिसमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकलेल्या जेम्स हेमिंग्जला १७९६ साली स्वातंत्र्य मिळालं, तेसुद्धा आपल्या भावाला तयार करून दिल्यावर. बदली माणूस दिल्याशिवाय सुटका नाही, हा नियम आमच्या हापिसात फक्त रजेपुरता होता.

प्रवेशदालनातलं मोठं घड्याळ तर बघाच. त्याची वजनं रोज थोडी खाली उतरतात आणि भिंतीवर वार दाखवतात. शुक्रवारी भिंत संपते. म्हणून जमिनीला भोक पाडून शनिवार तळघरात नेला आहे. शनीला घराबाहेर ठेवायला आपण तेल वाहतो. साहेबांनी सरळ तळमजल्यावर धाडला. घराबाहेरच्या तबकडीला मात्र फक्त तासकाटा. मिनिटं आतल्यांसाठी. खिळ्यांच्या भट्टीवर दहा ते सोळा वर्षांची पोरं राबत, त्यांनी किती खिळे केले याचा हिशेब साहेब स्वतः ठेवीत. सगळी माणसं जन्मतः समान, असं १७७६ साली जाहीरनाम्यात लिहिणारा हाच हात.

आता तिथे काही दडवत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. सॅली हेमिंग्जवरचं दालन २०१८ मध्ये उघडलं. साहेबांपासून तिला मुलं झाली, हेही स्पष्ट सांगतात. माझी तक्रार वेगळी आहे. वाहवा वरच्या मजल्यावर आणि हळहळ तळघरात, अशी जी वाटणी होते, ती साहेबांच्याच नकाशाबरहुकूम होते. पाळण्याचं कौतुक आणि पाळण्याखालचा माणूस एकाच वाक्यात यायला हवेत.

साहेब ४ जुलै १८२६ रोजी वारले, डोंगराएवढं कर्ज मागे ठेवून. जानेवारी १८२७ मध्ये फर्निचर, जनावरं यांच्याबरोबर १३० माणसांचा लिलाव पुकारला गेला. जोसेफ फॉसेट या लोहाराला मृत्युपत्रात मुक्ती होती. त्याची बायको ईडिथ, म्हणजे साहेबांची मुख्य स्वयंपाकीण, आणि मुलं मात्र लिलावात विकली गेली. साहेबांच्या थडग्यावर त्यांनीच नेमलेली तीन कामं कोरली आहेत. राष्ट्राध्यक्षपदसुद्धा त्यांनी वगळलं. मग लोहाराची काय कथा!

तेव्हा जाणार असाल तर एक करा. वरचा दिवाणखाना जरा थांबू द्या. आधी तळघरात जाऊन शनिवार बघा, मग वर सोमवारकडे या. घर त्याच दिशेनं बांधलं गेलं होतं.